वहीतलं सतरावं नाव

पत्र : ताई, सप्रेम सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात राहते. वय 56, अंगणवाडीत मदतनीस आहे. आमच्या मंडळीतली बुधवारची महिला प्रार्थनासभा नऊ वर्षं माझ्याकडे आहे. माझ्याजवळ एक वही आहे, तिच्यात 43 नावं आहेत. नावापुढे लिहिलेलं असतं : गुडघा, मुलाची नोकरी, मुलीचं जमत नाही, बीपी, कर्ज. रोज पहाटे ती वही उघडून मी प्रार्थना करते. पण हल्ली मोबाइलवर प्रभू येशूच्या पुन्हा येण्याबद्दल इतकं काही येतं की जीव धास्तावतो. कोणी तर तारीखही सांगतात. आमच्यातला एक तरुण एमआयडीसीतली नोकरी सोडून घरी बसलाय. म्हणतो, प्रभू येतोच आहे, आता कशाला? दुसरीकडे सभेत काही जणी चक्क डुलक्या घेतात. मला वाटतं, प्रभू दाराशी आला असेल तर मी गुडघ्यांसाठी काय मागत बसलेय? पण मग मागायचं तरी काय? आणि खरं सांगते, वहीतलं सतरावं नाव माझ्या धाकट्या जावेचं आहे. बांधावरून भांडण झालं. तीन वर्षं ती चर्चला येत नाही, माझ्याशी बोलत नाही. तिचं नाव आलं की माझ्या तोंडून प्रार्थना निघत नाही, तक्रार निघते. ‘प्रभू, तिला सुधार’ एवढं म्हणून मी पान उलटते. माझं चुकतंय का?

उत्तर :

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम.

आधी गुडघ्याचं बोलते, कारण त्याची तुम्हाला लाज वाटू लागली आहे आणि ती वाटायला नको. रात्रभर ठणकणाऱ्या गुडघ्यासाठी पहाटे उठून मागणारं आपलं कोणीतरी आहे, ही लहान गोष्ट नव्हे. प्रेषित पौलाचा सोबती एपफ्रदीत मरणाला टेकला होता. तो बरा झाला तेव्हा पौलानं फिलिप्पै गावच्या मंडळीला कळवलं की देवानं त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. प्रभूच्या येण्याकडे डोळे लावून बसलेला तो माणूस एका आजाऱ्यासाठी असा कासावीस झाला होता. तेव्हा वहीतला गुडघा खोडू नका, बीपी खोडू नका, कर्जही राहू द्या. त्या नावांपुढे जे अजून लिहिलं गेलेलं नाही, त्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

प्रभू जवळ आला आहे तर माणसांसाठी मागायचं काय, हा प्रश्न तुमच्या आधी एका फार कोवळ्या मंडळीपुढे उभा राहिला होता. तिला आलेली पौलाची पत्रं आपल्या शास्त्रात आहेत. थेस्सलनीका हे त्या गावाचं नाव. आजच्या ग्रीसच्या उत्तरेला, समुद्रकाठी, ते शहर अजून नांदतं आहे, थेस्सलोनिकी म्हणतात त्याला. पौलाच्या काळी ते रोमी मासेदोनियाचं मुख्य शहर होतं, गजबजलेलं बंदर होतं. पौल आणि त्याचा सोबती सीला तिथं पोचले ते फिलिप्पैत फटके खाऊन, तुरुंग पाहून. प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलं आहे की तीन शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचे विश्रांतीचे दिवस, पौलानं तिथल्या त्यांच्या सभास्थानात शास्त्रावरून वादविवाद केला. मग दंगल उसळली, लोक पौलाला घरी ठेवणाऱ्या यासोनाच्या घरावर चालून गेले, त्याच्याकडून जामीन घेतला गेला आणि बंधुजनांनी पौलाला रातोरात बिरुयाला काढून दिलं.

म्हणजे मागे काय राहिलं? काही आठवड्यांची, फार तर काही महिन्यांची मंडळी. नवा करार त्यांच्या हातात नव्हता, तो लिहिला जायचाच होता. शिकवणारा माणूस रात्रीच्या अंधारात निघून गेलेला. शेजारीपाजारी उलटलेले. त्यातच त्यांच्यातली काही माणसं वारली आणि उरलेल्यांना घोर लागला की प्रभू येईल तेव्हा आमच्या या मेलेल्या माणसांचं काय होणार?

पौल पुढे अथेनैला, म्हणजे अथेन्सला, गेला खरा, पण त्याला राहवेना. हा शब्द माझा नाही, तो स्वतःच म्हणतो की आता धीर धरवेना म्हणून आमचा सहकारी तीमथ्य याला तुमच्याकडे पाठवलं. आज त्या दोन शहरांमध्ये सडकेनं सुमारे 500 किलोमीटर अंतर आहे. फोन नाही, एसटी नाही. तीमथ्य तिकडची खबर घेऊन परतला तोवर पौल करिंथात होता. करिंथात असताना त्याला गल्लियो नावाच्या सुभेदारापुढे उभं केलं गेलं, आणि डेल्फीला सापडलेल्या एका शिलालेखावरून या गल्लियोचा काळ इ.स. 51 च्या आसपासचा ठरतो. म्हणून थेस्सलनीकाकरांचं पहिलं पत्रही 50 किंवा 51 सालचं मानतात. नव्या करारातलं बहुधा सर्वांत जुनं लिखाण हेच, असं अनेक अभ्यासक म्हणतात.

हे पत्र छोटं आहे. पाच अध्याय, 89 वचनं. एखाद्या दुपारी अंगणवाडीतून आल्यावर ते एका बैठकीत, मोठ्यानं वाचा. तुम्हाला एक गोष्ट दिसेल. प्रत्येक अध्यायाच्या शेवटाला पौल प्रभूच्या येण्यापाशी येऊन थांबतो. पाचही वेळा. आणि बरोबर मध्ये, तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीला, तो या लोकांसाठी प्रार्थना करतो. छळात सापडलेल्या, गोंधळलेल्या, प्रभू आज येईल की उद्या म्हणून वाट पाहणाऱ्या लोकांसाठी तो काय मागतो? प्रभू तुमची एकमेकांवरची प्रीती वाढवो, ती भरभरून वाहो, आणि सगळ्यांवरही तशीच वाहो. म्हणजे प्रभू येशू येईल तेव्हा देवबापापुढे तुमची अंतःकरणं स्थिर आणि पवित्रतेत निर्दोष ठरतील.

छळ थांबू दे, असं त्या प्रार्थनेत नाही. किती दिवस उरले ते कळू दे, असंही नाही. प्रभूच्या येण्याआधी या माणसांमध्ये काही वाढायला हवं असेल तर ती एकमेकांवरची प्रीती, असं पौलाला वाटतं. तो तेवढीच मागतो, आणि ती भरपूर मागतो.

त्याच्या ‘आगमन’ या शब्दाविषयीही थोडं सांगते. मूळ ग्रीक शब्द राजा किंवा मोठा अधिकारी शहराला भेट द्यायला येई तेव्हा वापरत. अशा वेळी गावकरी वेशीबाहेर जाऊन त्याला भेटत आणि सोबत घेऊन परत येत. चौथ्या अध्यायात आपल्या मराठी शास्त्रात ‘सामोरे होणे’ आहे ना, ते हेच. आपल्याला हे समजावून सांगायला नको. वऱ्हाड वेशीवर आलं की घरची माणसं लगबगीनं सामोरी जातात. त्या दिवशी कोणी घड्याळाकडे बघत घाबरत नाही. मात्र घरात डोळे फिरतात : सगळी आली का? धाकटी कुठंय? आत्याला कोणी हाक मारली का? वेशीवर एकटं जायचं नसतं. आपली सगळी माणसं बरोबर हवीत, हीच त्या दिवसाची धांदल असते.

माझी खात्री आहे की पौलाची प्रार्थना याच धांदलीतून येते. दुसऱ्या अध्यायात तो विचारतो, प्रभू येशू येईल तेव्हा त्याच्यापुढे आमची आशा, आमचा आनंद, आमच्या अभिमानाचा मुकुट कोण? आणि स्वतःच सांगतो, तुम्हीच ना! त्या दिवसाचा विचार करताना त्याच्या डोळ्यांपुढे तारीख नव्हती. थेस्सलनीकातल्या माणसांचे चेहरे होते. यासोन होता, रातोरात त्याला गावाबाहेर पोचवणारे बंधू होते, आणि त्यांना प्रभूपुढे पाहताना आपल्याला केवढा आनंद होईल हे तो आत्ताच मनात बघत होता.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. वहीतलं नाव घेताना ते माणूस त्या दिवशी प्रभूपुढे उभं आहे आणि तुम्ही त्याच्या शेजारी आहात, असं मनात आणा. मग त्याच्या वाढीसाठी जे मागावंसं वाटेल, ते मागा. भीती वाटली म्हणून मागू नका. भीतीनं केलेली प्रार्थना लवकर थकते, तुमची थकली आहे तशी.

आता तो तरुण. थेस्सलनीकातही असे होते. काम सोडून बसलेले आणि इतरांच्या कामात लुडबूड करणारे. पहिल्या पत्रात पौलानं सांगितलं की शांतपणे राहा, आपापलं काम करा, हातांनी कष्ट करा. दुसऱ्या पत्रात तो अधिक कडक झाला : ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये. त्याच पत्रात तो हेही सांगतो की प्रभूचा दिवस येऊन ठेपला, असं कोणी सांगितलं, आमच्या नावाचं पत्र दाखवलं, तरी एकदम घाबरून जाऊ नका. म्हणजे खोट्या नावानं फिरणारा मजकूर तेव्हाही होता. आणि ज्यांना तारखेची भुरळ पडते त्यांना 22 ऑक्टोबर 1844 या दिवसाची गोष्ट सांगा. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या शिकवणुकीवर भरवसा ठेवून हजारो माणसं त्या दिवशी प्रभूची वाट पाहत राहिली. काहींनी शेतातली पिकंसुद्धा काढली नव्हती. दिवस उजाडला, मावळला. प्रभूवर मनापासून प्रेम करणारी माणसं होती ती, त्यांची थट्टा मला करवत नाही. पण तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, हे प्रभूनं स्वतः सांगून ठेवलं होतं. तारीख सांगणारा व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर आला तर तो पुढे पाठवू नका. मंडळीच्या ग्रुपवर तुमचा शब्द चालत असेल तर तिथंही तसं स्पष्ट सांगा.

पण त्या मुलाला वचन दाखवून परत येऊ नका. त्याच्याकडे जाऊन बसा. त्यानं नोकरी का सोडली ते त्याला विचारा, आणि पहिल्या उत्तरावर थांबू नका. कंत्राटी काम, पाळ्या, सुपरवायझरचं बोलणं, घरी आल्यावर बापाचं बोलणं. पुष्कळदा ‘प्रभू येतोय’ या शब्दांच्या आड दुसरंच काही दुखत असतं, आणि ते सांगायला पोराला शब्द सापडत नाहीत. त्याला झोप लागत नसेल, जेवण सुटलं असेल, तर त्याला डॉक्टरकडे घेऊन जा, यात विश्वास कमी पडला असं काही नाही. आणि वहीत त्याच्यापुढे ‘नोकरी’ एवढंच लिहू नका. लिहा : हाताला काम आणि मनाला स्वस्थता, म्हणजे प्रभू येईल तेव्हा हा काम करत असलेला सापडेल. हे दोन्ही एकत्र मागायला पौलानंच शिकवलं आहे.

डुलक्या घेणाऱ्यांना डुलक्या घेऊ द्या. पहाटे चारला उठून, दिवसभर कांदा काढून आलेली बाई संध्याकाळी सातला डोळे मिटते, त्याला मी आत्मिक झोप म्हणणार नाही. गेथशेमाने बागेत, शिष्य झोपी गेले तेव्हा, प्रभूनंच म्हटलं होतं की आत्मा उत्सुक आहे पण देह अशक्त आहे. एखादं गाणं जास्त घ्या, सभा थोडी आटोपती घ्या.

याहून मला काळजी वाटते ती ‘विनंत्या’ सांगायच्या वेळेची. गोल बसून एकेकीनं विनंती सांगायची, ही चांगली रीत आहे. पण त्याच गोलात ‘तिच्यासाठी प्रार्थना करा हं, तिच्या घरी काय चाललंय ते माहीत आहे ना’ असंही हळूच येतं. प्रार्थनेची ओढणी घेऊन चुगली आत शिरते आणि कोणी तिला अडवत नाही, कारण तिनं डोळे मिटलेले असतात. तुमची जाऊ या गोलात कधी आली असेल, तर तिच्या गैरहजेरीत तिचं नाव इथं कसं घेतलं जातं हे तिला पक्कं ठाऊक असेल. चर्चला न येण्याचं एक कारण तेही असू शकतं. म्हणून पहिला बदल सभेत करा : जी हजर नाही तिच्याबद्दल विनंती सांगायची तर तिच्या परवानगीनंच.

मग वाढीसाठी मागायचं कसं? फिलिप्पैकरांना पौल बेड्यांत असताना लिहितो. तिथं तो मागतो की तुमची प्रीती ज्ञानात आणि सर्व प्रकारच्या विवेकात वाढत जावो, म्हणजे जे उत्तम ते तुम्हाला पारखता येईल आणि ख्रिस्ताच्या दिवसापर्यंत तुम्ही निर्मळ आणि निर्दोष राहाल. नुसती प्रीती मागून तो थांबत नाही, पारख असलेली प्रीती मागतो. दुसऱ्याच्या वाढीसाठी प्रार्थना करायची तर आधी त्या माणसाकडे नीट पाहिलेलं असावं लागतं. नाहीतर ‘प्रभू, सगळ्यांना आशीर्वाद दे, सगळ्यांना तुझ्यात वाढव’ असं एक मोठं घोंगडं आपण सगळ्यांवर पांघरतो आणि खाली कोण आहे ते बघत नाही.

माझी आई पहाटे मोठ्यानं प्रार्थना करायची. आम्ही भावंडं गोधडीत पडून ऐकायचो, आपलं नाव कधी येतं म्हणून. मी नऊ-दहा वर्षांची असेन. बोलायला फार फटकळ होते. एकदा माझं नाव आलं आणि आई म्हणाली, ‘देवबापा, हिच्या जिभेची धार कमी कर, पण हिला गप्प करू नकोस.’ मी रागावले होते तिच्यावर, दिवसभर बोलले नाही. आज वाटतं, इतकं नेमकं माझ्यासाठी पुन्हा कोणी मागितलं नाही. माझ्यात काय वाईट आहे ते तिनं पाहिलं होतं, आणि त्याच वाईटाच्या पोटात काय चांगलं दडलंय तेही पाहिलं होतं. सरसकट ‘हिला सुधार’ म्हणाली असती तर तिला एक मुकी मुलगी मिळाली असती.

आता सतरावं नाव.

‘प्रभू, तिला सुधार’ ही प्रार्थना पाप नाही. पण तुम्ही स्वतःच ओळखलं आहे की ती तक्रार आहे. बांधावर जे बोलायचं राहिलं ते देवाच्या कानात बोलणं आहे. त्याबद्दल मी तुम्हाला रागावणार नाही. स्तोत्रांत अशा तक्रारी पुष्कळ आहेत, आणि देव त्या ऐकतो. फक्त तक्रार करायची तर ती तक्रार म्हणून करा. एक दिवस पान न उलटता सगळं सांगून टाका : ती काय बोलली, तुम्हाला कुठं लागलं, तीन वर्षं दिवाळी-नाताळ कसे गेले. रडू आलं तर रडा. तो दिवस प्रार्थनेचाच असेल. त्यानंतर मात्र तिच्यासाठी मागायला लागा.

सुरुवात कशी करायची हे करिंथकरांच्या पहिल्या पत्रात आहे. ही मंडळी म्हणजे भांडणांचं आगर. तट पडलेले, प्रभुभोजनातसुद्धा एक उपाशी आणि एक तर्र, आणि सहाव्या अध्यायात कळतं की भाऊ भावावर कोर्टात फिर्याद करत होता. कशावरून ते पौलानं सांगितलेलं नाही. बांधावरूनही असेल. या लोकांना पत्र लिहायला बसल्यावर पौल पहिल्या काही वचनांत काय म्हणतो? तुमच्यावर देवाची कृपा झाली म्हणून मी सर्वदा देवाचे आभार मानतो, आणि आपल्या प्रभूच्या दिवशी तुम्ही निर्दोष ठरावे म्हणून तोच तुम्हाला शेवटपर्यंत बळकट ठेवील. झापायचं ते तो पुढे भरपूर झापतो. पण आधी आभार मानतो, आणि ते खरे असतात, कारण देवानं या माणसांत काहीतरी सुरू केलं आहे हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

तुम्हीही पाहिलं असेल. ती नवी नवरी म्हणून घरात आली तेव्हापासून तुम्ही एका चुलीवर रांधलं आहे. सासूचं दुखणं काढलं असेल तिनं. तुमची मुलं सांभाळली असतील. एखादं गाणं ती गायला लागली की सभेत सगळ्या गप्प होत असतील. असं एक, फक्त एक, खरं असलेलं, सतराव्या नावापुढे लिहा. खोटं लिहू नका, देवापुढे गोड बोलायची गरज नाही. आणि आठवडाभर दुसरं काही न मागता त्या एका गोष्टीबद्दल आभार माना.

मग थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रातली, तिसऱ्या अध्यायातली ती प्रार्थना घ्या. नीट पाहा, तिथं ‘एकमेकांवर’ असा शब्द आहे. हा शब्द तुम्हाला बाहेर उभं राहू देत नाही. ‘आमची एकमेकींवरची प्रीती वाढव’ असं म्हटलं की तिच्याबरोबर तुम्हीही देवाच्या हातात आलात. तिची वाढ आणि तुमची वाढ एकाच वाक्यात मागितली गेली. मला वाटतं, ‘तिला सुधार’ म्हणताना घशात जे अडकत होतं, ते हेच असावं. तुम्ही स्वतःला वगळून मागत होता.

आपल्याच मातीतली एक गोष्ट यावरून आठवते. 1905 साली, वर्षाच्या सुरुवातीला, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी एक खास प्रार्थना सुरू केली. सुमारे 70 जणी रोज सकाळी जमत. त्या काय मागत हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे : भारतातल्या सर्व ख्रिस्ती लोकांचं खरं मनपरिवर्तन व्हावं, त्यात आम्हीही आलो, आणि सगळ्या देशांतल्या ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा. रमाबाईंचा तोवरचा जन्म आठवा. संस्कृत पंडित, दुष्काळातून शेकडो मुली-बायकांना उचलून आणलेली बाई, रात्रंदिवस सेवेत बुडालेली. तिनं बाकीच्या ख्रिस्ती लोकांसाठी मागताना ‘त्यात आम्हीही आलो’ हे शब्द घातले. त्याच वर्षी मुक्तीत जे मोठं संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झालं त्याची गोष्ट आपल्या मंडळ्यांतून अजून सांगतात. पण मला त्याआधीचे ते महिने जास्त जवळचे वाटतात. 70 बायका सकाळी अजून ज्यांना पाहिलंही नाही अशा लोकांच्या वाढीसाठी मागत आहेत आणि स्वतःचं नाव त्याच यादीत लिहीत आहेत. तुमच्या वहीत तुमचं नाव आहे का? पत्रात तसं काही दिसलं नाही म्हणून विचारते.

आणि एक. पौलाच्या त्या प्रार्थनेत जीव तर होताच, पायही होते. तो म्हणतो की तुमचं तोंड पाहावं आणि तुमच्या विश्वासातली उणीव भरून काढावी म्हणून आम्ही रात्रंदिवस कळकळीनं विनंती करतो. देवबाप आणि प्रभू येशू आमची वाट तुमच्याकडे सरळ करो. त्याला जाता येत नव्हतं. तुम्हाला येतं. मधे 500 किलोमीटर नाहीत, एक बांध आहे.

म्हणून काही आठवडे प्रार्थना झाली की तिच्या घरी जा. रविवारी चर्चला का येत नाहीस, हे विचारायला जाऊ नका. शास्त्र हातात नेऊ नका, काखेत वहीही नको. काहीतरी निमित्त काढा, कैऱ्या उतरल्यात म्हणून, लोणच्याचा मसाला जास्त झाला म्हणून. उंबऱ्यावरून परत यावं लागलं तरी या. दार उघडलं आणि तुम्हाला बोलावंसं वाटलं, तर आधी तुमची चूक सांगा, त्यात तिची चूक जोडू नका. ‘मी तुझ्यासाठी प्रार्थना करते’ हे वाक्य मात्र त्या दिवशी नको. ते ऐकणाऱ्याला पुष्कळदा टोमण्यासारखं लागतं.

बांधाचं काय ते वेगळं ठेवा. हद्दीचा वाद असेल तर दोन्ही घरांनी मिळून भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि मोजणी येईल ती माना. प्रेमापोटी जमीन सोडा असं मी तुम्हाला सांगणार नाही. असं सोडलेलं मनातून सुटत नाही, पुढच्या पिढीत परत उगवतं. मोजणीचा दगड जिथं पडायचा तिथं पडू दे. तुमची प्रार्थना त्या दगडाच्या दोन्ही बाजूंना चालू शकते.

वही रोज अख्खी घेऊ नका, असंही सांगते. दुखणी-बाणी रोज घ्या, ती थांबत नसतात. पण वाढीसाठी रोज दोनच नावं घ्या आणि त्यांच्याजवळ थांबा. 43 नावं, दोन-दोन करून 22 दिवसांत एक फेरी होईल. एका नावावर पाच मिनिटं थांबलात की त्या बाईचा चेहरा दिसेल, मग तिच्या स्वभावातली एखादी गाठ दिसेल, आणि त्या गाठीच्या आतला धागा दिसेल. मग मागा. कलस्सैच्या मंडळीतला एपफ्रास नावाचा माणूस दूर पौलाजवळ होता, पण आपल्या गावच्या लोकांसाठी प्रार्थनेत झगडत होता, की ते परिपक्व होऊन ठाम उभे राहावेत. त्याच्याबद्दल शास्त्रात फार थोडं आहे. तुमच्यासारखाच असणार, आपल्या माणसांची नावं पाठ असलेला.

उत्तर दिसायला वेळ लागेल. एखाद्या माणसाचा गुडघा बरा झाला की लगेच कळतं, साक्षही देता येते. एखादी बाई आतून थोडी मऊ झाली, तर ते सभेत सांगता येत नाही आणि तिला स्वतःलाही वर्षभर कळत नाही. पौल फिलिप्पैकरांना म्हणतो ना, की ज्यानं तुमच्यात चांगलं काम सुरू केलं तो ख्रिस्त येशूच्या दिवसापर्यंत ते सिद्धीस नेईल. ‘पर्यंत’ म्हणतो तो. तोवर काम चालूच आहे, तुमच्यातलं, जावेतलं, त्या घरी बसलेल्या पोरातलंही.

थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, शांतीचा देव तुम्हाला पूर्णपणे पवित्र करो, आणि प्रभू येईल तेव्हा तुमचा आत्मा, जीव आणि शरीर निर्दोष राखलेलं असो, अशी मोठी प्रार्थना करून झाल्यावर दोनच वचनांनी पौल त्या कोवळ्या मंडळीला म्हणतो, बंधूंनो, आमच्यासाठीही प्रार्थना करा. तेच मी तुमच्याजवळ मागते. वहीत चव्वेचाळिसावं नाव माझं लिहा. पुढे गुडघा लिहिलंत तरी चालेल, दोन्ही दुखतात. पण त्याखाली आईची विनंती लिहा, कारण ती अर्धी राहिली आहे. घरी सून आली आहे आणि जिभेची धार वयाबरोबर कमी होत नाही. ती कमी कर, पण हिला गप्प करू नकोस, असं माझ्या वतीनं म्हणा. तुम्ही कोणत्या वारी माझं नाव घेता ते कळवलंत तर त्या पहाटे मी तुमचं आणि तुमच्या जावेचं नाव एकत्र घेईन.

तुमची बहीण